मोरी आणि केंड

रापणीचं जाळं वाळूवर आलं की आधी आवाज येतो. शेकडो शेपट्या ओल्या वाळूवर एकदम आपटतात, त्याचा. दिवाळीच्या सुट्टीत वेंगुर्ल्याच्या बाजूला आमच्या गावी गेलो की त्या आवाजासाठी मी अंथरुणातून उठून धावत किनारा गाठायचो. दोन दोरांवर वीस-पंचवीस, वीस-पंचवीस माणसं, टाचा वाळूत रुतलेल्या, आणि पाण्यातून हळूहळू जवळ येणारं ते जाळ्याचं अर्धवर्तुळ. आम्हा पोरांनी दोराला नुसता हात लावला तरी ओढणाऱ्यांत आमची गणती व्हायची. वाटे पडले की ओंजळभर तारले किंवा चार बांगडे आमच्याही पिशवीत यायचे.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. त्या दिवशी जाळ्याच्या घोळात बांगड्यांच्या ढिगाशेजारी एक मोरी पडली होती. मोरी म्हणजे शार्क. कुणी मुशी म्हणतात, आमच्याकडे मोरी. हातभर लांब, राखाडी, चपट्या नाकाची. तोंड उघडं, त्यात बारीक दातांची रांग. मी दोन पावलं मागे सरलो. तिच्या बाजूलाच एक गोलसर, मोठ्या डोळ्यांचा, पुढे आलेल्या दातांचा मासा होता. मला तो आवडला. मी वाकून त्याला उचलायला गेलो तर आजीने मागून माझं मनगट धरलं.

"मोरीक कित्याक भितंस? भियाचा तर ह्येका," ती म्हणाली. "ह्यो केंड."

आजीने मोरी शेपटीला धरून टोपलीत टाकली. केंड, म्हणजे इंग्रजीतला पफरफिश, तिथेच राहिला. जाळ्यातला केंड कुणीच घरी नेत नसे. तो बाजूला वाळूवर फेकायचा, कावळे आणि घारीसुद्धा त्याच्याकडे बघून पुढे जातात असं मोठी माणसं सांगायची.

आम्ही पोरं मात्र त्याच्यापाशी जायचो. काडीने टोचलं की तो फुगायचा. पाण्यात असता तर पाणी गिळून फुगला असता. वाळूवर बिचारा हवाच गिळायचा, आणि ती हवा त्याला सहज बाहेर टाकता यायची नाही. दात घासल्याचा करकर आवाज यायचा. पोट चेंडूसारखं टणक व्हायचं. आणि मग आम्ही त्याला लाथेने उडवायचो. ही गोष्ट मी फार वर्षं कुणाला सांगितली नाही. आता सांगतो, कारण पुढे जे काही वाचलं, शिकलो, त्या सगळ्याच्या तळाशी ती लाथ आहे.

मोरी घरी आली की स्वयंपाकघरात वेगळीच गडबड असे. तिला इतर माशांसारखे खवले नसतात. कातडी उलट्या दिशेने चोळली तर पॉलिश पेपरसारखी खरबरीत लागते, कारण तिच्यावर दातांच्याच जातीचे सूक्ष्म काटे असतात. आजी उकळतं पाणी ओतून ती कातडी खरवडून काढायची. मोरीला उग्र वास येतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात शरीरातलं पाणी टिकवण्यासाठी शार्क आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवतात, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो, तो हा वास. आजीला हे रसायन माहीत नव्हतं, पण मोरी ताजीच शिजवायची आणि वाटपात तिखट, मिरी, गरम मसाला सढळ हाताने घालायचा हे पक्कं माहीत होतं. आमच्या घरात बाळंतिणीला मोरी आवर्जून द्यायचे, दूध चांगलं येतं म्हणून. म्हणजे ज्या प्राण्याचं नाव काढलं की जगाला धडकी भरते, त्याच्या मांसाचा आमच्याकडे संबंध नवजात बाळाशी होता.

पुढे मी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं आणि मोरी पुन्हा समोर आली, या वेळी मेणाच्या ट्रेमध्ये, फॉर्मालिनच्या वासात. स्कॉलिओडॉन. भारतात प्राणिशास्त्र शिकलेल्या कितीतरी पिढ्यांना हे नाव ओळखीचं आहे. तिच्या डोक्यातल्या मज्जातंतू एकेक करून मोकळ्या करायच्या, खाली काळा कागद सरकवायचा आणि परीक्षकांना दाखवायच्या. नाकाडावरची कातडी दाबली की बारीक छिद्रांतून जेलीसारखा पदार्थ बाहेर येई. स्तेफानो लोरेन्झिनी या इटालियन माणसाने 1678 साली त्या नळ्यांचं वर्णन केलं, पण त्या कशासाठी आहेत हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. दुसऱ्या प्राण्याच्या स्नायूंतली, हृदयातली अत्यंत क्षीण वीज शार्कला त्या नळ्यांतून जाणवते. वाळूखाली निपचित पडलेल्या माशाचं हृदय धडधडतं आहे, एवढं तिला पुरतं. मोरीची भीती माझ्या मनातून गेली ती त्या ट्रेपाशी. जिच्या मज्जातंतू चिमट्याने इतक्या जपून उचलाव्या लागतात, तिचा राग करता येत नाही.

केंडाविषयी अभ्यासक्रमात जेमतेम दोन ओळी होत्या. तो मला नंतर भेटला, पुस्तकांतून, आणि पहिल्यांदा भेटला तो थेट शार्कच्या पोटात.

1832 साली तरुण चार्ल्स डार्विन ब्राझीलमधल्या बाहियाच्या किनाऱ्यावर होता. तिथे किनाऱ्यालगत पकडलेला एक काटेरी केंड त्याने निरखला. हा आपल्या केंडाचा चुलतभाऊ, अंगभर काटे असलेला. तो फुगतो कसा, तोंडातून पाण्याची चिळकांडी उडवतो कशी, हे डार्विनने टिपून ठेवलं. हाताळल्यावर त्याच्या पोटाच्या कातडीतून किरमिजी रंगाचा सुंदर स्राव आला आणि त्याचा कागदावरचा डाग कित्येक वर्षांनी, प्रवासवर्णन लिहायला बसला तेव्हाही, तसाच टवटवीत होता. आणि मग तो एका डॉक्टर स्नेह्याने सांगितलेली गोष्ट नोंदवतो: असा मासा शार्कच्या पोटात जिवंत, फुगलेला, तरंगत असलेला सापडला आहे, आणि काही वेळा त्याने शार्कचं पोट आणि कूस कुरतडून बाहेरची वाट काढली आहे, शार्क मेला आहे. एवढासा मऊ मासा त्या अजस्र प्राण्याला मारू शकेल अशी कुणी कल्पना तरी केली असती का, असं डार्विनला वाटलं. ऐकीव गोष्ट आहे आणि त्यानेही ती ऐकीव म्हणूनच दिली आहे. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. आजीचा हात पुन्हा मनगटावर जाणवला.

आपल्या समुद्रात आणि सगळ्याच उष्ण समुद्रांत एक मोठा शार्क असतो, टायगर शार्क. लहानपणी अंगावर वाघासारखे पट्टे असतात, वय वाढेल तसे ते फिकट होतात. पाच मीटरपर्यंत वाढतो. दात करवतीसारखे, कासवाची पाठ कापतील असे. तो जवळजवळ काहीही गिळतो: पक्षी, साप, कासवं, दुसरे शार्क, माणसांनी फेकलेला कचरा. त्याच्या पोटात केंडाच्या जातीचे मासेही सापडले आहेत. आणि जपानी लोक ज्या केंडाला सर्वांत श्रेष्ठ मानतात त्याचं नाव तोराफुगू. तोरा म्हणजे वाघ. दोघांच्याही नावात वाघ आहे. एकाच्या दातांत, दुसऱ्याच्या यकृतात.

दातांतला वाघ दिसतो, म्हणून सगळं त्याच्या माथी येतं. 1935 च्या एप्रिलमध्ये सिडनीजवळच्या कूजी इथल्या मत्स्यालयात नुकताच पकडून आणलेला टायगर शार्क ठेवला होता. सुट्टीचा दिवस, प्रेक्षकांची गर्दी. शार्कला अस्वस्थ वाटू लागलं आणि त्याने सगळ्यांसमोर माणसाचा एक हात ओकून टाकला. हातावर दोन मुष्टियोद्ध्यांचं गोंदण होतं. साहजिकच सगळ्यांनी शार्ककडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी तो हात तपासला तेव्हा कळलं की दातांनी तोडलेला तो नव्हताच, सुरीने कापलेला होता. त्या माणसाचा खून माणसांनी केला होता, समुद्रात फेकलं ते माणसांनी. शार्कने फक्त गिळलं होतं. ही हकिगत वाचताना माझे डोळे त्या गोंदणावर अडकत नाहीत, त्या टाकीतल्या आजारी, भेलकांडणाऱ्या प्राण्यावर अडकतात.

हवाईमध्ये 1959 ते 1976 या काळात सरकारी मोहिमा काढून 4,668 शार्क मारले, त्यांत 554 टायगर शार्क होते. पोहणाऱ्यांवरचे हल्ले काही त्यामुळे लक्षणीय कमी झाले नाहीत. उलट शार्क असण्याने समुद्राचं काय होतं, हे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, शार्क बे नावाच्या उपसागरात दिसतं. तिथे टायगर शार्कच्या धाकाने समुद्रगायी आणि कासवं एकाच जागी सगळं गवत फस्त करत नाहीत, सावधपणे चरतात, पुढे सरकतात. समुद्री गवताची कुरणं टिकतात ती त्या धाकाने. बहामाजमध्ये तर संशोधकांनी टायगर शार्कच्या पाठीवर कॅमेरे बसवले आणि त्यांच्यामागून जाऊन 2022 साली जगातलं सर्वांत मोठं समुद्री गवताचं कुरण नकाशावर आणलं. ज्याच्या पाठीवर कॅमेरा होता त्याला आपण काही दाखवतो आहोत हे ठाऊक नव्हतं. तो रोजच्या वाटेने चालला होता.

हे सगळं लिहिताना शार्क गरीब आहे असं मला म्हणायचं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्याच पालघर जिल्ह्यात, मनोरच्या बाजूला वैतरणा खाडीत एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. त्या घरावर काय गुदरलं असेल ते मी समजू शकतो. समुद्राकाठच्या माणसाला दातांचा धाक असायलाच हवा. पण तो धाक वाघोबाचा असावा, असं मला वाटतं. सह्याद्रीत वाघाला शेंदूर लावून त्याच्याशी सलोखा ठेवणारी आपली माणसं, त्यांना वाघ काय करतो हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

केंडाचा धाक निराळा. तो अंगावर येत नाही. तुम्ही त्याला खाल्लंत तरच तो तुमच्यापर्यंत पोहोचतो.

सप्टेंबर 1774. कॅप्टन कुकचं जहाज न्यू कॅलेडोनियापाशी होतं. स्थानिकांकडून विकत घेतलेला एक मासा रात्रीच्या जेवणाला आला. चित्र काढण्यात, वर्णन लिहिण्यात उशीर झाला म्हणून कुक आणि बरोबरच्या फॉर्स्टर पितापुत्रांनी फक्त यकृत आणि गाबोळी चाखली, तीही चवीपुरती. पहाटे तीनचारच्या सुमारास कुकला जाग आली तेव्हा हातपाय बधिर झाले होते. पाण्याने भरलेलं भांडं आणि पीस, दोन्ही हातात सारखंच वाटतं, असं त्याने रोजनिशीत लिहिलं आहे. आतडी खाल्लेलं डुक्कर सकाळी मेलेलं सापडलं. जड आणि हलकं यातला फरकच पुसून टाकणारं विष. त्याचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

1909 साली ताहारा या जपानी शास्त्रज्ञाने त्या विषाला टेट्रोडोटॉक्सिन हे नाव दिलं. केंडाच्या कुळाचं शास्त्रीय नाव 'चार दातांचे', त्यावरून. मज्जातंतूंतून संदेश पुढे जातो तो सोडियमच्या कणांसाठी उघडणाऱ्या सूक्ष्म दरवाजांमुळे. हे विष त्या दरवाजात बूच बसल्यासारखं बसतं. ओठ, जीभ, बोटं, मग हात, पाय, आणि शेवटी श्वासाचे स्नायू. मी ट्रेमध्ये ज्या पांढऱ्या दोऱ्या काळ्या कागदावर मांडल्या होत्या तशाच आपल्याही असतात, आणि त्या एकेक करून मुक्या होतात. शुद्ध मात्र बहुधा शेवटपर्यंत राहते. माणूस ऐकत असतो, बोलू शकत नाही. एकदोन मिलिग्रॅम पुरतं. शिजवून ते जात नाही, त्यावर उतारा नाही. कृत्रिम श्वासावर ठेवून विष उतरेपर्यंत वाट बघायची. पहिला दिवस निभावला तर माणूस सहसा वाचतो.

आणि हे विष केंडाचं स्वतःचं नसतंच. ते जिवाणू तयार करतात, अन्नातून ते केंडात साठत जातं. विषारी खाद्य न देता तलावात वाढवलेला केंड निर्विष असतो. त्याच्या स्वतःच्या मज्जातंतूंतल्या दरवाजांची घडण थोडी वेगळी आहे, म्हणून तो त्यातून वाचतो. मला हे फार हलवून गेलं. त्याला धारदार दात आहेत, पण पळण्याचा वेग नाही, अंगावर शार्कसारखी चिवट कातडी नाही. समुद्रातल्या सर्वांत क्षुद्र जिवांकडून गोळा केलेलं काहीतरी अंगात बाळगून तो सगळ्यांमधून सावकाश पोहत जातो.

जपानमध्ये सोळाव्या शतकाच्या शेवटी तोयोतोमी हिदेयोशीने केंड खायला बंदी केली होती, कोरियाच्या स्वारीसाठी जमलेले सैनिक तो खाऊन मरू लागले म्हणून. पुढे पंतप्रधान इतो हिरोबुमीने शिमोनोसेकीत तो चाखला आणि 1888 मध्ये तिथली बंदी उठली. आज परवाना असलेल्या स्वयंपाक्यानेच तो साफ करायचा असतो आणि यकृत विकायला मनाई आहे. 1975 साली बांदो मित्सुगोरो हे काबुकी या जपानी नाट्यप्रकारातले थोर नट, देशाने जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवलेले, क्योतोमध्ये यकृताचे चार वाटे खाऊन मरण पावले. शिमोनोसेकीच्या बाजारात केंडाचा लिलाव कसा होतो, हे वाचताना मात्र मी एकदम घरी आलो. लिलाव करणाऱ्याने हाताला कापडी नळी लावलेली असते, खरेदीदार त्यात हात घालून बोटांनी भाव सांगतो. बाकीच्यांना काहीच दिसत नाही. आपल्या बैलबाजारात हेडे रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात, अगदी तसंच. बैलाचे दात मोजायचे ते उघड्यावर, भाव मात्र झाकून.

तिकडे एका ताटाला बक्कळ पैसे मोजून हा मासा खातात. 2008 साली बांगलादेशात तोच मासा, तिथे त्याला पटका म्हणतात, स्वस्तात मिळाला म्हणून गरिबांच्या घरी शिजला आणि माणसं मेली. किनाऱ्यावरच्या माणसाला केंड ओळखता येतो. आत, नदीकाठी, बाजारात पहिल्यांदाच दिसलेला स्वस्त मासा घेणाऱ्या आईला तो कोण सांगणार? मनगट धरणारी आजी प्रत्येकाच्या मागे उभी नसते.

केंडाची एक गोष्ट मला सगळ्यांत उशिरा कळली. जपानच्या दक्षिणेला अमामी ओशिमा बेटाजवळ, दहा ते सत्तावीस मीटर खोलीवर, वाळूत दोन मीटर रुंदीची नक्षीदार वर्तुळं दिसायची. पाणबुड्यांना ती 1995 पासून माहीत होती, पण कोण काढतं ते कळत नव्हतं. उत्तर 2013 साली प्रसिद्ध झालं. वीतभरही नसलेला एक नर केंड. आठवडाभर, अधिकही, पंखांनी आणि शेपटीने वाळू सारत तो बाहेरून आत चऱ्या पाडत जातो, उंचवट्यांवर शिंपल्यांचे तुकडे आणून ठेवतो, मधली वाळू पिठासारखी बारीक करतो. मादीला पसंत पडलं तर ती मधोमध अंडी घालून जाते. पिल्लं बाहेर येईपर्यंत नर तिथेच राखण करतो. आणि पुन्हा पिल्लांसाठी तेच वर्तुळ वापरत नाही. पुन्हा नवं.

मी चित्रफीत पाहिली तेव्हा उंबऱ्यावर वाकून रांगोळी काढणारी आजी दिसली. आणि ती लाथही आठवली.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस गावी गेलो होतो. रापणी आता उरल्यासुरल्या. ओढायला माणसं कमी, दोर तेवढेच जड. काकांना विचारलं, मोरी मिळते का? म्हणाले, "मेळता, पन पिल्लां." मोठ्या मोऱ्या त्यांच्या तरुणपणी होड्यांतून यायच्या, आता क्वचित. हे फक्त आमच्या किनाऱ्याचं नाही. 1970 नंतरच्या अर्ध्या शतकात खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या 71 टक्क्यांनी घटल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या सरकारने 2013 साली नुसते पर कापून शार्क समुद्रात फेकायला बंदी केली, 2015 साली परांची निर्यात थांबवली. पण जाळं लहान-मोठं बघत नाही, आणि मोरी सावकाश वाढते, पिल्लं मोजकी देते. कोटी कोटी वर्षं दात पुरले. माणसापुढे पुरले नाहीत.

केंड मात्र वाढलेत. काका जाळं उचलून दाखवत होते, जागोजागी कुरतडलेलं. थवेच्या थवे येतात, जाळ्यात अडकलेले बांगडे खातात आणि जाळ्यालाही तोंड लावतात. दुरुस्तीतच दिवस जातो. केरळ-कर्नाटकच्या बाजूला केंड वाढले तेव्हा अभ्यासकांनी कोबियाकडे बोट दाखवलं, गोव्यात ज्याला मोडसो म्हणतात. केंड खाणारा हा मोठा मासा आपणच पकडून कमी केला. आम्ही मोठ्यांना खात गेलो, ज्याला खाता येत नाही तो मागे राहिला. काकांना हे सांगितलं तर ते गप्प राहिले. जाळ्याचं भोक त्यांच्या बोटांत तसंच होतं.

त्या दिवशीच्या जाळ्यातही दोन्ही होते. चुलतभावाचा मुलगा, सात वर्षांचा, काडी घेऊन केंडापाशी पोहोचला होता. मी त्याला ओरडलो नाही. केंड तोवर हवेने गच्च फुगला होता. मी टॉवेल ओला केला, त्यात त्याला गुंडाळून गुडघाभर पाण्यात गेलो, पोरगं मागोमाग. पाण्याखाली तोंड वर करून त्याला सैल धरून ठेवलं. बराच वेळ काही झालं नाही. टॉवेलमधून त्याचे दात करकरत होते. मग एक बुडबुडा आला, मग चारपाच, मग हातातला चेंडू हळूहळू माशाएवढा झाला. पोरग्याने विचारलं, "काका, चावात काय?" मी म्हटलं, चावेल. टॉवेल सोडला. तो क्षणभर तिथेच थांबला, डोळा आमच्याकडे, आणि मग त्याच्या त्या सावकाश चालीने लाटेखाली गेला.

परत आलो तेव्हा वाटे पडले होते. आमच्या वाट्यावर बांगड्यांच्या वर एक मोरी ठेवली होती, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत मावेल एवढी. पोरग्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरला.